बांध कोरणाऱ्याला दंड

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हे छोटे खेडे. तिथे दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस पंच शिवारात उतरतात. नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या रानातून पट्ट्यापट्ट्याने फिरत हद्दीच्या खुंट्या ठोकतात, कुणाचा नांगर वाटेवर किंवा गवताच्या पट्टीत घुसला आहे का ते पाहतात. बांध कोरलेला आढळला की दंड ठरतो. आठवडाभराने ‘कोर्ट लीट’ हे गावचे न्यायपीठ तिथल्याच ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये भरते, जमीनमालकाचा कारभारी कामकाज चालवतो आणि पुढच्या वर्षाचे पंच नेमले जातात. पंच म्हणजे तिथलेच कुळवाडी. यंदा दंड करणाऱ्याच्या बांधावर उद्या दुसरे पंच उभे राहणार आहेत, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच चालायची. मोकळ्या रानांत प्रत्येकाचे पट्टे विखुरलेले. एका रानात गहू, दुसऱ्यात उन्हाळी पीक, तिसरे पडीक, आणि हा फेरा साऱ्या गावाने मिळून पाळायचा. मार्क पिअर्स याने 1635 साली काढलेल्या लॅक्स्टनच्या नकाशात हे पट्टे एकेक करून दाखवलेले आहेत. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून अशी राने कुंपणात घातली. मालकांचे उत्पन्न वाढले, पण गायरानावर जगणारी गरीब कुटुंबे उघडी पडली आणि गावाने एकत्र बसून जमिनीचा निर्णय करण्याची रीतही गेली. लॅक्स्टनमध्ये मात्र ती टिकली.

इतर खेड्यांत गावाचा कारभार पुढे वेगळ्या रूपाने आला: 1894 च्या कायद्याने इंग्लंडच्या खेड्यांना निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्था, मिळाल्या. मतदाराला गावाच्या कारभारात हक्क मिळाला, हे मोठेच पाऊल होते. पण आजही गावात घर बांधायला परवानगी द्यायची की नाही, यावर पॅरिश कौन्सिल फक्त मत नोंदवते; निकाल वरच्या कार्यालयात लागतो. लॅक्स्टनच्या पंचांचे क्षेत्र एवढेसे, पण त्यात त्यांचा शब्द चालतो. 1977 च्या कायद्याने अशा जुन्या न्यायपीठांचे अधिकार काढून घेतले, तेव्हाही लॅक्स्टनचे राखले गेले.

गावाची जमीन 1952 साली अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून कृषी मंत्रालयाकडे, 1981 मध्ये क्राउन इस्टेटकडे आणि 2020 मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे गेली. मालक बदलत गेले, पंच शिवारात जात राहिले. पण हे आपोआप चालत राहील, असे मानणे चूक आहे. इथे नांगर धरणारी मोजकीच कुटुंबे उरली आहेत. त्यांना शेती परवडली नाही, तर पंच कोठून आणणार? इमारतीची डागडुजी करून इमारत वाचते. रीत वाचवायची तर ती पाळणारी माणसे टिकावी लागतात. नव्या मालकाने आणि सरकारने या कुळांचा खंड, त्यांची घरे आणि त्यांच्या मुलांचे शेतीत राहणे हीच लॅक्स्टनची खरी जपणूक मानावी. निर्णय घेणारा स्वतः बांधावर उभा राहतो, तेव्हाच गावाचा कारभार गावाचा असतो.