एमडी-पीएचडी : आधी वर्षे मोजा

मंडळाच्या कार्यक्रमात मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली ‘एमडी-पीएचडी’ हा शब्द हमखास कानावर येतो. मुलगा डॉक्टरही होणार आणि संशोधकही! पालकांना त्यात दोन पदव्या दिसतात. मला, सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे असेल, आधी वर्षे दिसतात. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे; पण बेरीज करता येते.

इथल्या ड्यूक-एनयूएसचेच उदाहरण घेऊ. पहिली तुकडी 2007 साली सुरू झाली. तिथे प्रवेश पदवीनंतर मिळतो. आपला पीआर मुलगा बारावीनंतर दोन वर्षे नॅशनल सर्व्हिस करणार, मग चार वर्षांची पदवी. म्हणजे प्रवेश घेतानाच तो 24-25 वर्षांचा. नुसते एमडी चार वर्षांचे, पीएचडी जोडली की साधारण सात ते आठ. बाहेर पडताना तिशी उलटलेली, आणि त्यापुढे सरकारी अनुदानाचा बाँड व स्पेशालिस्ट होण्याची वर्षे उभीच. मुलींची नॅशनल सर्व्हिसची दोन वर्षे वाचतात, एवढेच.

खरी कसोटी मात्र सुरुवातीच्या वर्षांत आहे. इतरत्र साधारण दोन वर्षे चालणारा मूलभूत विषयांचा अभ्यास इथे पहिल्याच वर्षात उरकतात. दुसऱ्या वर्षी वॉर्ड. पेशंटशी बोलायला, तपासायला जरा हात बसतो न बसतो तोच सगळे सोडून प्रयोगशाळेत जायचे. बरोबरीचे डॉक्टर होऊन पगार आणू लागतात, आणि याचा प्रयोग तिसऱ्यांदा फसलेला असतो. पीएचडी संपवून वॉर्डात परतावे तर आजूबाजूला सगळी लहान मुले, आणि स्टेथोस्कोपची सवय मोडलेली. हे सोसायला स्वतःची ओढ लागते. वडिलांची हौस तिथे पुरत नाही.

म्हणून हा अभ्यासक्रम वाईट, असे मी म्हणत नाही. पेशंट पाहिलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, ते नुसत्या प्रयोगशाळेत बसून पडत नाहीत. पण त्यासाठी दोन पदव्याच हव्यात असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरच्या नवजात बालकांवर केलेले काम 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्यांच्याकडे पीएचडी नव्हती. ड्यूक-एनयूएसच्या साध्या एमडीतही तिसरे वर्ष संशोधनाचेच असते. त्या वर्षात गोडी लागली तर पीएचडी नंतरही करता येते.

आता पैशाचे. अमेरिकेत फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळते, असे आपण ऐकतो. ते खरे आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची ही योजना 1964 पासून चालू आहे. पण ते सरकारी पैसे तिथले नागरिक व ग्रीन कार्डवाले यांच्यासाठीच. आपल्या मुलांना कॉलेजच्या स्वतःच्या निधीतल्या मोजक्या जागांसाठी झगडावे लागते. इथेही पीएचडीच्या वर्षांचे विद्यावेतन आणि एमडीच्या वर्षांची फी हे दोन हिशेब वेगळे धरावेत, आणि बाँड किती वर्षांचा हे लेखी विचारून घ्यावे.

फॉर्म भरण्यापूर्वी प्रयोगशाळेतून नुकताच वॉर्डात परतलेला एखादा विद्यार्थी शोधून घरी जेवायला बोलवा. प्रश्न मुलाला विचारू द्या. आपण पोळ्या वाढाव्यात.