गाडी आली, पण मागवलेली नव्हे



गेल्या खेपेस आम्ही गुडघ्यांविषयी लिहिले होते. या खेपेस गाडीविषयी लिहितो आहोत. नर्सबाईंना गाडीतले काय कळते, असे कोणी म्हणेल. इंजिनातले आम्हांला काही कळत नाही, ते कबूल. पण नवी गाडी ताब्यात घेण्याचे काम इंजिनाचे नसून कागद आणि वस्तू जुळवून बघण्याचे आहे, आणि ते आम्ही वॉर्डात चाळीस वर्षे केले. औषध देण्याआधी पाच गोष्टी बघायच्या: पेशंट बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, द्यायची रीत बरोबर, वेळ बरोबर. बाटलीचा रंग ओळखीचा आहे म्हणून कधी द्यायचे नाही. लेबल वाचायचे, कागदाशी लावायचे, मगच सही करायची.

आपल्या पिढीला हे गाडीच्या बाबतीत जड जाते, त्याला कारण आहे. मुंबईत आपल्या लहानपणी मोटार म्हंजे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, नाहीतर अँबॅसॅडर. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. स्कूटरचेही तेच. नंबर लागला की जी मिळेल ती घ्यायची, हार घालायचा, नारळ फोडणारे शेजारी नारळ फोडायचे, आणि आळीतली पोरं मागून धावायची. आलेली गाडी परत करायची असते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ती सवय अंगात मुरलेली आहे. समोर चकचकीत नवी गाडी, विक्रेता हसतो आहे, हातात पेन दिले आहे. अशा वेळी आपली माणसं सही करून मोकळी होतात.

२०२२ साली आमच्या भाऊजींच्या बाबतीत जे झाले ते इथे सांगतो, कारण त्यात सगळे आले. भाऊजी तेव्हा ७७ वर्षांचे. मान मणक्यांमुळे पुरती वळत नाही. लायसन्सचे डॉक्टरी कागद आणि डोळ्यांचा तपास सर्व रीतसर, पण मागे वळून बघता येत नाही ही गोष्ट खरी. जाऊबाईंचे खुब्याचे ऑपरेशन झालेले. ज्यांचा खुबा बदललेला आहे त्यांनी फार खोल बसू नये, गुडघा खुब्याच्या वर जाऊ नये, हे आम्ही किती पेशंटांना सांगितले त्याची गणती नाही. म्हणून भाऊजींनी विचार करून वरच्या दर्जाची गाडी ऑर्डर केली. त्या दर्जाला इथे ‘रमात गिमूर’ म्हणतात. त्यात बाजूच्या आरशांत दिवा लागून ‘तुमच्या आड गाडी आहे’ असे सांगणारी सोय होती, आणि पुढची उजवीकडची सीट वर उचलता येत होती. त्यासाठी सात हजार शेकेल जास्त भरले होते.

चार महिन्यांनी एका शुक्रवारी सकाळी फोन आला: गाडी तयार आहे, बारापर्यंत या, मग आम्ही बंद करतो. आम्ही दोघे सोबतीला गेलो. रंग बरोबर, चंदेरी. सर्वांनी ‘मबरूक’ म्हटले. भाऊजींची चौदा वर्षांची नात आत बसून बटणे बघत होती. ती म्हणाली, ‘‘साबा, आरशात दिवा कुठाय?’’ विक्रेता म्हणाला, असेल, चालू केल्यावर दिसेल. चालू केली, दिसला नाही. तोवर जाऊबाई उजवीकडे बसल्या होत्या आणि त्यांना उठता येईना. सीट वर करायचा दांडाच नव्हता. आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून बाहेर काढले.

मग सुरू झाली समजूत. कॅमेरा तर आहे ना. दिवे बाहेरून बसवून मिळतात. सीटवर उशी घाला. रबरी चटया फुकट देतो, पहिली सर्व्हिस फुकट. भाऊजींचा पुतण्यासुद्धा म्हणाला, ‘‘काका, घ्या आता, शब्बाथ तोंडावर आलाय, कुठे वाद घालता?’’ भाऊजींनी पेन उघडले होते. आम्ही म्हटले, ‘‘भाऊजी, थांबा. आधी हझमना काढा.’’ हझमना म्हंजे ऑर्डरचा कागद. तो जाऊबाईंच्या पिशवीत घडी करून ठेवलेला होता, देवाची कृपा. हेशबोनितशी लावून बघितला. गाडीचे नाव तेच, दर्जाचे नाव वेगळे. दर्जाच्या रकान्यात एक शब्द कमी होता, तेवढाच फरक.

असे का होते? नेहमी कोणी फसवते असे नाही. एकाच मॉडेलचे तीन-चार दर्जे असतात, बाहेरून सारखे दिसतात, आणि ऑर्डर संगणकात एका संकेतांकाने जाते. एक आकडा चुकला की दुसरी गाडी येते. शिवाय २०२१-२२मध्ये जगभर चिपांचा तुटवडा होता. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी काही गोष्टी न बसवताच गाड्या बाहेर काढल्या. बी.एम.डब्ल्यू.ने काही मॉडेलांचा टच-स्क्रीन काढला, अमेरिकेत जनरल मोटर्सने गरम होणाऱ्या सीटा काही काळ बंद केल्या. पुस्तिकेत छापलेले आणि गाडीत बसलेले यांत तेव्हापासून लोक जास्त बारकाईने बघू लागले, ते बरेच झाले. पुस्तिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कंपनी बदल करू शकते’ असे असतेच. म्हणून जे तुम्हांला हवेच आहे, ज्याच्याविना गाडी तुमच्या कामाची नाही, ते ऑर्डरच्या कागदावर शब्दांनी लिहून घ्या: ‘पुढची उजवी सीट वर होणारी’. नुसत्या दर्जाच्या नावावर राहू नका.

भाऊजींनी सही केली नाही. ताबा घेतल्याच्या त्या कागदावर एक ओळ छापलेली असते, की गाडी ठीक मिळाली आणि माझी काही तक्रार नाही. त्या ओळीखाली सही गेली की पुढचे सगळे भांडण चढणीचे. नातीने त्याच कागदावर हिब्रूत लिहिले, ‘हारेखेव एनो तोएम लाहझमना’, म्हंजे गाडी ऑर्डरशी जुळत नाही. त्याखाली काय काय नाही ते दोन ओळींत, तारीख, वेळ. विक्रेत्याचा शिक्का घेतला, फोटो काढले, गाडी तिथेच ठेवली आणि घरी आलो. सोबत नेलेला पेढ्यांचा डबा तसाच परत आणला. नात वाटेत अर्धा संपवून बसली.

गाडी तिथेच ठेवली, हे महत्त्वाचे. गाडी एकदा तुमच्या नावावर चढून रस्त्यावर आली की ती तुमची ‘याद रिशोना’ झाली. परत घेतली तर त्यांना ती पुढच्या गिऱ्हाइकाला ‘याद श्निया’ म्हणून कमी भावात विकावी लागते. मग परत घ्यायला ते का तयार होतील? म्हणून रिशयोन नावावर काढण्याच्या आधीच चासीचा नंबर आणि दर्जाचे नाव लेखी मागवा. फोनवर ‘हो हो, तीच आहे’ म्हणाले तर ऐकू नका.

कायद्याचे थोडे सांगतो. इथला ‘होक हमेखेर’, विक्रीचा कायदा, १९६८चा आहे. ठरल्याहून वेगळ्या प्रकारची वा वेगळ्या वर्णनाची वस्तू दिली तर विकणाऱ्याने आपले कर्तव्य केले नाही, असे तो म्हणतो. पण तोच कायदा आपल्यालाही काम लावतो: वस्तू मिळताच तपासायची, आणि फरक दिसताच कळवायचे. ‘सण होऊ दे, मग बघू’ असे म्हणत महिना घालवला की आपलीच बाजू लंगडी होते. भाऊजींनी रविवारी ‘दोआर रशूम’ने पत्र धाडले आणि पावती जपून ठेवली. पत्रात राग नाही, शिव्या नाहीत. काय मागवले, काय आले, काय हवे, आणि उत्तर कधीपर्यंत हवे. विकणाऱ्याने वाजवी वेळात दुरुस्त केले नाही तर किमतीतून वजावट मागता येते, हेही त्याच कायद्यात आहे. ग्राहक-संरक्षणाचा कायदा १९८१चा. दिशाभूल करून विकणे त्यात मना आहे. रक्कम लहान असेल तर लहान दाव्यांचे कोर्ट आहे. तिथे मर्यादा साधारण ४० हजार शेकेलच्या आसपास असते, वेळोवेळी बदलते. त्या कोर्टात सहसा वकील लागत नाही, आपला कागद आपणच दाखवायचा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ६५ वर्षांवरील माणसांना, अपंगांना आणि नव्या ओलींना व्यवहार रद्द करायला चार महिने मिळतात, असे कोणीतरी सांगते. ते फोनवरून वा घरी येऊन बोलून झालेल्या विक्रीचे आहे. तुम्ही स्वतः शोरूममध्ये जाऊन ऑर्डर दिली असेल तर त्या चार महिन्यांवर विसंबू नका.

ज्यांची गाडी बितुआह लेउमीच्या ‘नियादूत’मधून येते, त्यांनी आणखी एक कागद सोबत न्यावा: कोणकोणती साधने बसवायची ते लिहिलेला. डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर हवा असताना नुसती ऑटोमॅटिक गाडी आली तर ती चालवत घरी आणू नये. कोणी कितीही म्हटले ‘हळू जा’ तरी नाही.

आता भाऊजींचे पुढे काय झाले ते. दहा दिवस उत्तर नाही. मग तीन पर्याय आले: हीच घ्या आणि सहा हजार कमी द्या, दिलेले पैसे परत घ्या, किंवा बरोबर गाडीसाठी थांबा. भाऊजी थांबले. नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत बस, आमची जुनी गाडी आणि जाऊबाईंच्या फिजिओथेरपीच्या दोन खेपा बुडाल्या, हेही सांगितले पाहिजे. भाऊजी आमच्यावर जरा रुसले होते. ‘‘तुम्ही नसतात तर मी कधीच घेऊन आलो असतो,’’ असे म्हणाले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण बरोबर गाडी आल्यावर आधी त्या बसल्या आणि स्वतःच्या स्वतः उठल्या.

सर्वांनी थांबलेच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. रंग वेगळा, चाकांच्या टोप्या वेगळ्या, रेडिओ साधा, असे असेल तर भाव कमी करून घ्या आणि खुशाल न्या. जे मागून बसवता येते त्यासाठी दोन महिने पायी हिंडू नये. पण एअरबॅग, कारखान्यात बसवलेला रडार, सीटचा सांगाडा, इंजिन, विजेच्या गाडीतील बॅटरीचा आकार, या गोष्टी मागून नीट होत नाहीत. बाहेरून काही बसवले आणि पुढे बिघडले तर हमीवरून वाद होतो तो निराळाच. स्वतःला विचारा: ही गोष्ट शोभेची म्हणून घेतली होती, की शरीराला हवी म्हणून?

बाळगोपाळांनो, आता तुमचे काम. आजीआजोबा गाडी आणायला जातील तेव्हा तुम्ही जाच. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात चासीचा नंबर दिसतो. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तुम्हांला ओ दिसला तर तो शून्य आहे असे समजा. हा नंबर दाराच्या खांबावरही बहुधा सापडेल. एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचे. मग टायर बघा. १९५/६५ आर १५ असे काही लिहिलेले असते: रुंदी १९५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हंजे रेडियल, आणि आतले चाक १५ इंचाचे. टायरवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४च्या २३व्या आठवड्यात बनला. नव्या गाडीला तीन वर्षांचा टायर असेल तर विचारा, लाजू नका. मागचे झाकण उचलून स्टेपनी आहे की नुसती पंक्चरची बाटली, तेही बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत बाटलीच असते, आणि आजोबांना ते रस्त्यात कळू नये.

आणि ऑर्डरचा कागद जाऊबाईंसारखा पिशवीतच ठेवा. त्याचा फोटो नातवंडांच्या फोनमध्येही असू द्या.

पुढील अंकी उन्हाळ्यातील पाणी आणि रक्तदाबाच्या गोळ्या.