कुंपणालगतचा तुंबा

नागपुरात पाऊस स्थिरावला की मोकळ्या प्लॉटवर, कुंपणालगत वीत-दोन वीत उंचीचा तुंबा उगवतो. आयुर्वेदातली द्रोणपुष्पी ती हीच. माळी तिला निंदणात उपटतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. तुळशीच्या कुळातलं हे अस्सल देशी रोपटं. खोडाच्या पेरापेरावर हिरव्या निदलांचे गोल झुपके, त्यांतून डोकावणारी पांढरीशुभ्र, दोन ओठांची फुलं. मधमाशी खालच्या रुंद ओठावर उतरते, मधासाठी आत तोंड घालते, आणि वरच्या केसाळ ओठाखाली दडलेले पुंकेसर तिच्या अंगावर पराग माखतात. आपल्या संत्र्याचा मृगबहार जून-जुलैत फुलतो, आंबिया बहार थेट जानेवारी-फेब्रुवारीत. मधल्या महिन्यांत माश्यांनी काय खावं? फुलोरी आणि सातेरी या मधमाश्या तेव्हा अशाच रानफुलांवर जगतात. शोभेच्या हिरवळीत त्यांच्यासाठी काहीच नसतं. म्हणून अंगणाचा एक उन्हाचा कोपरा तुंब्याला द्यावा. खत नको, फवारणी तर मुळीच नको. सगळीकडे फरशी किंवा पेव्हर ब्लॉकही घालू नयेत. कित्येक एकांड्या माश्या उघड्या मातीतच बिळं करतात. रोप वर्षायू आहे, त्यामुळे हिवाळ्यात वाळलं तरी लगेच उपटू नये. वाळलेले झुपके हातावर चुरडून बी काढावं आणि पहिल्या पावसाआधी मातीवर नुसतं भुरभुरावं, खोल पुरू नये.