मातृत्वाचे गोडवे आणि मातांचे मरण

अमेरिकेत २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय माता दगावल्या ५०.३. आकडे तेथील सरकारच्याच रोगनियंत्रण केंद्राचे आहेत. आदल्या वर्षी हेच दर १९ आणि ४९.५ होते. गोऱ्या मातांचे मरण घटले, कृष्णवर्णीयांचे जेथल्या तेथे राहिले. म्हणजे मातेला वाचवावे कसे हे त्या देशाला ठाऊक आहे. वाचवायचे कोणाला, एवढाच प्रश्न आहे.

हा गरिबीचा आणि अज्ञानाचा परिणाम, असे सांगणारे विद्वान तेथेही आहेत. पण त्याच केंद्राने २०१९ साली दाखवून दिले की, पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला बाळंतपणातील मृत्यूचा धोका शालान्त परीक्षाही न झालेल्या गोऱ्या स्त्रीहून अधिक आहे. सेरेना विल्यम्ससारख्या जगज्जेत्या टेनिसपटूलासुद्धा २०१७ साली प्रसूतीनंतर आपल्या फुप्फुसात रक्ताची गुठळी असल्याचे रुग्णालयाच्या गळी उतरवावे लागले! स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरविलेल्या मॅरियन सिम्सने १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. न्यूयॉर्कमधील त्याचा पुतळा २०१८ साली हलविला गेला. पुतळा हलवायला पैसे फारसे पडत नाहीत.

पैशाची गोष्ट निघाली की मात्र विधिमंडळाचा आवाज बसतो. लॉरेन अंडरवूड, अल्मा अ‍ॅडम्स आणि कमला हॅरिस यांनी २०२० साली कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्यासाठी अनेक विधेयकांची मोट बांधली. २०२१ व २०२३ साली ती पुन्हा मांडली गेली. त्यातून नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा झाला तो एकाच विधेयकाचा, माजी सैनिक मातांपुरता. जिने गणवेश चढविला नाही, तिने काय करावे?

गरिबांच्या मेडिकेड विम्याचे संरक्षण प्रसूतीनंतर साठ दिवसांनी संपत असे. २०२१ च्या कायद्याने ते वर्षभर वाढविता येऊ लागले, पण राज्यांच्या मर्जीने. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच मेडिकेडच्या खर्चाला जबर कात्री लावणारा कायदा संमत झाला. प्रसूतीची रजा? १९९३ चा कायदा बारा आठवडे देतो, बिनपगारी. लहान आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला तेवढीही नाही. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाचा कैवार घेतला आणि १९२९ साली, पारतंत्र्यातही, तो कायदा झाला. (आपल्या शेतमजूर बाया आजही त्या परंपरेच्या कुंपणाबाहेर आहेत, हे विसरून अमेरिकेला नावे ठेवू नयेत.)

कायद्याने डॉक्टरच्या मनातील वर्णद्वेष जातो काय, असे नेमस्त मंडळी विचारतात. न जावो. बाळंतिणीला वर्षभराचा विमा, पगारी रजा आणि प्रत्येक मृत्यूची चौकशी, ही कायद्याने देता येतात. हृदयपरिवर्तनाची वाट पाहण्यास नऊ महिने पुरत नाहीत.