मुलांना अंगण कोण देणार?

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला फळ्यावरचे दिसेनासे झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि सहज विचारले, "रोज बाहेर किती वेळ खेळते?" मी आणि माझी पत्नी एकमेकांकडे पाहत राहिलो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मोजमाप हेच माझे काम. सर्व्हर किती वेळ बंद होता, पान उघडायला किती मिलिसेकंद लागले, हे मी झोपेतही सांगेन. मुलीच्या शिकवणीचा वेळ, अरबीच्या धड्याचा वेळ, मोबाइलचा वेळसुद्धा सांगता आला असता. बाहेर खेळण्याच्या वेळेचा मात्र आमच्या घरात कुणीच कधी हिशेब ठेवला नव्हता. घरी येऊन तो मांडला. बस थांब्यापर्यंतचे जाणे-येणे धरूनही दिवसाला वीस मिनिटे भरत होती.

डॉक्टरांनी हा प्रश्न उगाच विचारला नव्हता. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास दिला गेला, तोही वर्गाबाहेर, मोकळ्या हवेत. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर इतर शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासूनच शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर असावे अशी मोहीम हाती घेतली. कारण फार गूढ नाही. चांगला दिवा लावलेल्या खोलीत काही शे लक्स उजेड असतो; बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो. तेवढ्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन पाझरते आणि ते बुबुळाच्या मागचा गोल अवाजवी लांबण्यापासून रोखते, असे संशोधकांचे मत आहे. थोडक्यात, बाहेरचा उजेड हा लाड नाही, तो खुराक आहे. आपण दूध आणि अंडी मोजतो, तसा तोही मोजायला हवा.

पण या अंकात मला केवळ डोळ्यांविषयी लिहायचे नाही. त्या वीस मिनिटांच्या हिशेबाने मला दुसराही एक प्रश्न पडला. जे मूल मातीत उतरतच नाही, त्याला आपण मातीची काळजी घ्यायला कसे शिकवणार?

शिकवण्याची व्यवस्था कागदावर आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असे सांगितले आणि पुढे २००३ मध्ये त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा आदेश दिले. त्यामुळे आज प्रत्येक मुलाकडे पर्यावरणाचे पुस्तक आहे, प्रकल्पाची वही आहे. आणि त्या वहीचे आपण काय करतो? आदल्या रात्री दहा वाजता स्टेशनरीच्या दुकानात धाव घेतो, चमकी आणि थर्माकोल आणतो आणि 'पृथ्वी वाचवा' असा देखावा स्वतःच करून देतो. मुलाला गुण मिळतात. देखावा आठवड्याभरात कचऱ्यात जातो. मूल यातून जे शिकते ते आपल्याला ऐकवणार नाही, पण ते नेमके शिकते: पर्यावरण ही दाखवण्याची गोष्ट आहे, करण्याची नाही.

करण्याची सुरुवात घरातून होते आणि तिला फार खर्च येत नाही. आमच्याकडे संध्याकाळ झाली की डासांची कॉइल लागे. गुरुवारी तिच्यात लोबानची भर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात. घरात कुणी सिगारेट ओढली तर आपण त्याला गॅलरीत पाठवतो, आणि मुलांच्या उशाशी कॉइल मात्र स्वतःच्या हाताने लावतो! आता आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत आणि रविवारची सकाळ मुलीकडे दिली आहे. कुंडीखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीतला पडीक डबा ती तपासते, पाणी ओतून टाकते. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढले की साखळी तुटते. हे पुस्तकातही आहे. पण पहिल्यांदा वळवळणारी अळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली त्या दिवसापासून तिला ते पाठ करावे लागले नाही.

पाण्याचेही तसेच. माझी दादी तोटीच्या बधन्यात पाणी घेऊन वजू करायची. एका बधन्यात तिचे भागायचे आणि उरलेले तुळशीएवढ्या एका मोगऱ्याच्या रोपाला जायचे. आमच्या घरात नळ उघडा ठेवून वजू होते. मुलीने एकदा नळाखाली बादली ठेवली आणि मापून दाखवले: माझ्या एका वजूला साडेचार लिटर. मग तांब्याने करून पाहिले, एक लिटरही लागले नाही. दिवसाचे पाच वेळांचे गणित तिनेच केले आणि मला ऐकवले. उधळपट्टी करू नये ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती मला बादलीने समजावली.

आणि आपल्या सार्वजनिक वागण्याचे काय? महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. तरीही इफ्तारच्या सामुदायिक कार्यक्रमांत, लग्नांत, वलीम्यात काय चित्र असते ते आपण सगळे जाणतो. दिवसभर संयम पाळायचा आणि मगरिबनंतर पोतीभर प्लास्टिक रस्त्याच्या कोपऱ्यावर टाकायचे! दुसऱ्या दिवशी ते हातांनी वेगळे करणारी कचरावेचक बाईही कुणाची तरी आई असते. मुले हे पाहत असतात. घरी दोन बादल्या ठेवून ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवलेले मूल जेव्हा आपल्याच समारंभात असे दृश्य पाहते, तेव्हा ते बादल्यांवरचा विश्वास गमावते. स्टीलची शंभर ताटे वर्गणीतून घेऊन मोहल्ल्यात ठेवणे अवघड नाही. धुवायला चार हात लागतात, एवढेच.

आता घराबाहेरची गोष्ट. चष्मा लागल्यानंतर आम्ही ठरवले, की रविवारी सकाळी टेकडीवर जायचे. पुण्याला टेकड्यांची श्रीमंती आहे. तळजाई आमच्या घरापासून दुचाकीवर फार लांब नाही. पहिल्या दोन रविवारी मी फोनवरून ऑफिसचे निरोप वाचत चाललो. तिसऱ्या रविवारी मुलीने विचारले, "अब्बा, इथे इतकी झाडं आहेत, मग या झाडांवर घरटी का दिसत नाहीत?" मला उत्तर माहीत नव्हते. तिथे नेहमी येणाऱ्या एका वयस्कर काकांना विचारले. ते म्हणाले, "ही गिरिपुष्पाची झाडं. मूळची मध्य अमेरिकेतली. टेकडी लवकर हिरवी दिसावी म्हणून लावली. इथल्या पाखरांना, किड्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही." हिरवे दिसणे आणि जिवंत असणे यात फरक असतो, हे मला सदतिसाव्या वर्षी नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नामुळे कळले.

अशा वेळी डॉ. सलीम अली आठवतात. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला आणि खेतवाडीत मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढला. छर्‍याच्या खेळण्यातल्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना सांगता आले नाही. पण त्यांनी 'जा, अभ्यास कर' असे म्हटले नाही, की काहीतरी ठोकूनही दिले नाही. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी तर ओळखलीच, शिवाय कपाटे उघडून संग्रहातले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. त्यातून भारतातील सर्वात मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. महाराष्ट्रात आज ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, तो मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांना जोडून.

या गोष्टीतला नायक मला आता सलीम अलींइतकाच त्यांचा मामा वाटतो. मुलाला निसर्गाची ओढ लावायला आईबापांना शास्त्र यावे लागत नाही. 'मला माहीत नाही, चल विचारू' एवढे म्हणता यावे लागते आणि मग खरोखर उठून जावे लागते.

मात्र इथे एका अवघड गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. माझी मुलगी दहाव्या वर्षात आहे. नात्यातल्या एका खाला परवा म्हणाल्या, "आता मोठी झाली, टेकडीवर काय नेतोस?" त्यांच्या बोलण्यात माया होती, हे मी जाणतो. पण आपल्या अनेक घरांत मुलीचे अंगण नेमके दहाव्या-अकराव्या वर्षी मिटते. मुलगा गल्लीत क्रिकेट खेळत राहतो, मुलगी गॅलरीतून पाहते. वाढत्या वयात हाडे पोसली जातात ती उन्हाने आणि धावण्याने. ती गरज मुलगा-मुलगी पाहत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलाने रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंग मोडून हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मुलींना सूट दिलेली नाही. बाहेर सुरक्षितता नाही, हे उत्तर असेल तर सुरक्षितता मागणे हे आपले काम आहे, मुलीला आत ठेवणे नव्हे.

आणि मागण्यासारखे बरेच आहे. टेकडीपर्यंत जायला माझ्याकडे दुचाकी आहे, रविवारची सुट्टी आहे. ज्याचे गॅरेज रविवारीही उघडे असते, जी आई दुपारभर शिलाई करते, त्यांच्या मुलांचे काय? आपल्या बहुतेक वस्त्या छोट्या छोट्या प्लॉटवर, भिंतीला भिंत लावून उभ्या राहिल्या. मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडण्याचा नियम असतो. तुकड्यातुकड्याने झालेल्या बांधकामात तो नियम लागूच होत नाही. त्यामुळे हजारो मुलांचे अंगण जन्मापूर्वीच गेलेले असते. इमारतीखाली चेंडू नेला की पार्किंगवाले ओरडतात. शाळेचे मैदान पाचला कुलूपबंद होते. अशा मुलाला 'मोबाइल सोड' म्हणणे सोपे आहे. तो सोडून त्याने जायचे कुठे?

म्हणून हा प्रश्न चांगल्या पालकत्वाइतकाच नागरिकत्वाचा आहे. आपल्या प्रभागाच्या विकास आराखड्यात मैदान आणि उद्यान म्हणून आरक्षित भूखंड कोणते, त्यांवर आज काय आहे, हे माहिती अधिकारात विचारता येते. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान असणे बंधनकारक केले आहे. ते आहे का, आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना दोन तास खुले होईल का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारता येते. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून दरवर्षी कामे सुचवून घेते. आपल्याकडून तिथे रस्ता आणि ड्रेनेज जाते. यंदा एक अर्ज झोपाळ्याचा, सावलीच्या चार देशी झाडांचा आणि मुलींसाठी दिवा लागलेल्या मैदानाचाही जाऊ द्या. अर्जावर मुलांच्याही सह्या घ्या. कायद्याच्या दृष्टीने त्यांना किंमत नसेल, पण आपली मागणी मोठ्यांनी ऐकली हे मुलाला आयुष्यभर पुरते.

आमच्या घरात आता फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. त्यावर मुलगी रोज बाहेर घालवलेली मिनिटे लिहिते. पावसाळ्यात तो आकडा तीसवर अडला, दिवाळीच्या सुट्टीत नव्वदपर्यंत गेला, परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा पडला. चष्म्याचा नंबर उतरणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे. वाढू नये एवढीच धडपड. पण तिच्या धाकट्या भावाचे वय अवघे तीन आहे, त्याचे डोळे अजून स्वच्छ आहेत. कागदावर त्याच्यासाठी दुसरा रकाना आखला आहे. आपल्याही घरी असा एक कागद लावा, आणि महिनाभराने आकडा कमी दिसला तर मुलाला रागावण्यापूर्वी दार उघडून पाहा, की त्याला खेळायला बाहेर जागा तरी आहे का. नसेल, तर पहिला अर्ज आपणच लिहायचा आहे.