बॉनेट नको, आधी डिकी उघडा!

अमेरिकेतल्या पोराला जुनी मसल कार घेऊन ती उभी करायची असली, की त्याच्या डोळ्यांसमोर १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ असते. बॉनेटखाली ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन! आपल्याकडे काय? आपल्याकडे कॉन्टेसा. लांबलचक नाक, रुंद खांदे, मागच्या चाकांना ताकद... आणि १९८४ मध्ये आली तेव्हा आत अॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन. म्हणजे शरीर पैलवानाचं आणि दम पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कचा. पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं, पाचवा गिअर आला, तेव्हा कुठे बाईसाहेब पळायला लागल्या. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं. पण आजही सिग्नलला एखादी कॉन्टेसा शेजारी येऊन थांबली, की एसयूव्हीवाले काच खाली करून बघतात. खोटं असेल तर सांगा!

तर मंडळी, गेले सात महिने मी कॉन्टेसा शोधत होते. बजेट एकूण तीन लाख. गाडी, गॅरेज, कागदपत्रं, सगळं त्यातच. ‘थोडं पुढे-मागे होईल’ हा पर्याय नाही. कारण त्यापुढचे पैसे एफडीत आहेत आणि त्या एफडीचं नाव आहे बाबांचा गुडघा. ऑपरेशन याच वर्षी करायचंय. आईने स्पष्ट सांगितलंय, “एफडी मोडलीस तर त्या गाडीत मी बसणार नाही.”

आता म्हणाल, कॉन्टेसाच का? तर बाबा एका कंपनीत ड्रायव्हर होते. साहेबांची कॉन्टेसा त्यांनी अकरा वर्षं चालवली, पुसली, स्वतःच्या लेकरासारखी जपली. मला एकदा त्यांना त्या गाडीत मागच्या सीटवर ऐटीत बसवायचं होतं. बस्स, एवढंच!

पहिला फंडा पैशांचा. जुनी गाडी घेताना आपण फक्त तिची किंमत बघतो. पण उभ्या गाडीची किंमत म्हणजे हॉटेलातलं स्टार्टर, खरं बिल नंतर येतं. म्हणून मी तीन लाखांचे तीन वाटे केले. एक गाडीला, एक पत्रा आणि रंगाला, एक बाकी सगळ्याला. पहिला वाटा ओलांडणारी गाडी कितीही गोड दिसली तरी नमस्कार करून निघायचं. लाल रंगाची, मॅग व्हील्सवाली एक होती हो... दोन लाख ऐंशी हजार. फोटो काढला आणि निघाले.

दुसरा फंडा बाबांचा. बघायला गेलेल्या प्रत्येक गाडीला मी आधी बॉनेट उघडायला सांगायची आणि बाबा लंगडत थेट मागे जायचे. डिकी उघडायची, मॅट उचलायची, स्टेपनीच्या खळग्यात टॉर्च मारायचा. मग पायाखालचं कार्पेट, दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी. खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक, त्याला रुमाल गुंडाळलेला. चुंबक चिकटलं तर पत्रा, घसरलं तर आत लांबी भरलेली. त्यांचं म्हणणं एकच, “इंजिन उघडून नीट करता येतं गं. सडलेल्या पत्र्यावर रंग काय करणार?”

आणि यात शंभर टक्के तथ्य आहे. कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीच्या ताकदीचा आणि तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असलेली गाडी स्वस्त असली तरी सावध राहा. कोरड्या हवेत, छपराखाली धूळ खात पडलेली त्याहून बरी. धूळ पुसता येते!

बंद पडलेल्या इंजिनाला मात्र घाबरू नका. अॅम्बॅसॅडरचं १.५ लिटर असो की इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल, दोन्ही अॅम्बॅसॅडरलाही बसत होती आणि अॅम्बॅसॅडर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे ही इंजिनं खोललेले जुने मिस्त्री अजून भेटतात. खरी बोंब टेललाइट, क्रोमच्या पट्ट्या, पुढची काच यांची. त्यासाठी पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालायची तयारी ठेवा. सोपा नियम सांगू? गाडी चालू नसली तरी चालेल, पण काचा आणि दिवे पूर्ण हवेत.

तिसरा फंडा कागदांचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांहून जुन्या कारला नुसती नूतनीकरणाची फीच १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. इंजिन आणि चॅसिसचा नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. अनेक कॉन्टेसांमध्ये मधल्या काळात भलतंच इंजिन बसवलेलं असतं आणि कागदावर त्याचा पत्ताच नसतो. जुन्या कर्जाचा बोजा उतरलाय का तेही बघा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि कुणी ‘व्हिंटेजमध्ये टाकून दे’ म्हणालं तर हसून सोडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात. म्हणजे सर्वात थोरली कॉन्टेसासुद्धा २०३४ मध्ये पात्र होईल. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही.

चौथी गाडी सोलापूरकडे मिळाली. पहिल्या मालकाच्या घरच्याच शेडमध्ये होती. रंग उडालेला, इंजिन जाम, सीटवर मांजराचा संसार. नोंदणीची मुदत संपलेली, पण नंबर जुळत होते आणि बोजा नव्हता. बाबा डिकीत वाकले ते पाच मिनिटं वर आलेच नाहीत. मग चुंबक माझ्या हातात देत म्हणाले, “पत्रा कोरा आहे. घे.”

किंमत ९५ हजार. एफडी जागच्या जागी आहे. गाडी आता गॅरेजात आहे आणि गुडघ्याची तारीख पुढच्या महिन्यातली. डॉक्टरांना बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, “क्लच कधी दाबता येईल?”

मी म्हटलं, “बाबा, अहो तुम्हाला मागे बसायचंय.”

“मागे तू आणि आई बसा,” ते म्हणाले. “अकरा वर्षं चालवली, पण एकदाही मला वाटेल तिथे नेता आली नाही.”