फायबरच्या होडीची झिलई



कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आता सर्रास दिसतात. नवी असताना चकचकणारी होडी काही वर्षांत फिकी पडते. हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. रंग गेला असे समजून पुष्कळजण रंगाचा डबा आणतात. वास्तविक तो साधा रंग नसतो. तो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा बाहेरचा थर. उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा खराब होतो. खालचा थर बहुधा चांगला असतो.

होडी सावलीत घ्यावी, साबण व गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी. मग हातभर जागेवर रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने चोळून पाहावे. चमक आली तर तेवढेच पुरे. नाही आली तरच १००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवावा. पुढे १५००, २००० आणि मग कंपाउंड. शेवटी मेण. नुसत्या मेणाने गेलेली चमक परतत नाही. आलेली चमक मात्र ते राखते. म्हणून दर हंगामाला ते लावावे.

एक हिशेब मात्र ध्यानात ठेवा. हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. प्रत्येक घासणीत तो थोडा खर्ची पडतो, पुन्हा जमा होत नाही. तो संपला की आतले काचतंतू उघडे पडतात, पाणी मुरते आणि कर्ज काढून घेतलेली होडी कमजोर होते. कडा-कोपऱ्यांवर थर लवकर झिजतो. तिथे मशीन लावू नये, हातानेच घासावे. आणि चमक आली की हात थांबवावा.